पोपटाच्या नोटेवरचं पान

३ नोव्हेंबर २०२४, रविवार. पेण

आईशी धरलेला अबोला आज मोडला. भाऊबीजेच्या दिवशी घरात दोघीच, आणि त्याही गप्प, हे बरं दिसेना.

शुक्रवारी लक्ष्मीपूजनाला मी कंपनीतून येईपर्यंत तिने पूजा मांडून घेतली होती. तबकात तिच्या पाटल्या, थोडी रोकड आणि सगळ्यांच्या वर माझी पोपटाची नोट, अल्बममधून काढून ठेवलेली. वर पाण्यात कालवलेल्या हळद-कुंकवाचं बोट. मी ओरडले. ती म्हणाली, "सोन्याची हाय म्हणून ठेवली गो. देवीला साधी ठेवू?"

पोपटाची नोट हे आमच्या, जुन्या नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळातलं नाव. हिंदी महासागरातल्या एका लहान बेटावरच्या देशाची ही नोट, तिच्यावर हिरवा पोपट आहे. साधी नोट कुठल्याही जुन्या नोटांच्या बाजारात मिळते. पण तिथल्या बँकेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा थोड्याच नोटांवर सोनेरी ठसा उमटवला गेला: पानांची माळ आणि आत २५ हा आकडा. ती ठशाची नोट सहसा हाती लागत नाही. मला सप्टेंबरात मुंबईच्या एका जुन्या, खात्रीच्या विक्रेत्याकडे मिळाली.

स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढली. बरंचसं निघालं. एका जागी जरा जोर लावावा लागला. आता नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. आईला एवढं बोलायला नको होतं.

१० नोव्हेंबर, रविवार

रोह्याला मंडळाची बैठक. महिन्यातला दुसरा रविवार, वाचनालयाच्या वरची खोली. फेब्रुवारीत पेणला प्रदर्शन भरवायचं नक्की झालं. नोटा तपासून पास करायचं काम माझ्याकडे. गेली दोन वर्षं ते माझ्याकडेच आहे, बहुधा मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर हेच करते म्हणून.

हैबतरावांनी नव्या सभासदांना नियम पुन्हा समजावून सांगितला. नोट नकली ठरली की मालकाने स्वतःच्या हाताने, सगळ्यांसमोर, तिच्या पाठीवर 'नकली' असा शिक्का मारायचा आणि ती मंडळाच्या पेटीत टाकायची. म्हणजे ती पुढे कुणाला फसवणार नाही. हा नियम त्यांचाच, मंडळही त्यांनीच उभं केलेलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, तरुणपणी परदेशी साखर कारखान्यात फिटर होते. आमच्यातला नितेश म्हणाला, स्वतःच्या हाताने म्हणजे फारच झालं, काका. हैबतराव म्हणाले, दुसऱ्यानं मारला की माणूस भांडत बसतो.

प्रदर्शनाची पुस्तिका धनेश छापणार आहे. रोह्यात त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. मुखपृष्ठावर माझीच नोट घ्यायची ठरली, म्हणून स्कॅन करायला त्याच्याकडे दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली.

२४ नोव्हेंबर, रविवार

नोट परत आणायला रोह्याला गेले. धनेशच्या दुकानात लग्नसराईची गर्दी. तरी त्याने मला स्टूल दिलं आणि ठशाबद्दल विचारत राहिला. पत्रिकेवरचा सोनेरी गणपती आणि नोटेवरचा ठसा, काम एकच, असं त्याचं म्हणणं. पितळी ब्लॉक तापवायचा, मधे फॉइल, खाली कागद, वरून दाब. मग खरं-खोटं कसं ओळखता, ताई?

मी सांगितलं. घडी पडलेल्या जुन्या नोटेवर मागाहून ठसा मारला तर सोनं घडीच्या खळग्यात उतरत नाही, किंवा घडीवरून अखंड जातं. खऱ्या नोटेवर ठसा आधी, घडी नंतर. म्हणून सोनं घडीवर तडकलेलं असतं. शिवाय पाठीमागे दाबाचा उठाव किती, कडा किती साफ, हेही. त्याने सगळं नीट ऐकलं, मधेमधे अचूक प्रश्न विचारले. त्याची बायको किमया काउंटरवरून म्हणाली, "खोपोलीच्या पत्रिकेत नवरीऐवजी करवलीचं नाव पडलंय, तिकडं बघता का जरा?" सगळे हसले. तो उठला नाही.

परतताना बसमध्ये वाटलं, कुणाला काही समजावून सांगताना किती बरं वाटतं. लॅबमध्ये मी नापास म्हणते आणि माणसं तोंड फिरवून जातात. का, ते कुणी विचारत नाही. मी मात्र कारण दिल्याशिवाय नकार देत नाही. कारण न देता निकाल देणं हा एक प्रकारचा उद्धटपणाच आहे.

८ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस लक्षात राहील.

नितेशने दोन पोपटाच्या नोटा आणल्या, दोन्हींवर सोनेरी ठसा. खांब गावात त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथे मुंबईचा एक एजंट येतो, त्याच्याकडून घेतल्या म्हणे. एकाच वेळी दोन, म्हणून मी सावध होते. पण नोटा कोऱ्या करकरीत, घडीचा प्रश्नच नाही. कडा साफ. पाठीला उठाव बेताचा. माझी नोट शेजारी ठेवून भिंगातून पाहत बसले, आणि ते दिसलं. माळेत डावीकडे सगळ्यात खालच्या पानाला टोक नाही. तिन्ही नोटांवर, त्याच पानाला, तसंच!

मूळ ब्लॉकमध्येच ते पान तुटकं असणार. म्हणजे ही खऱ्या नोटेची खूणच झाली. नक्कल करणारा सुबक, पुरं पान काढेल. हे व्यंग त्याला माहीत असणार नाही. सप्टेंबरपासून मी ही नोट पाहते आहे आणि तिथे टोक नाही हे आजवर दिसलं नव्हतं. एकच नोट असली की असं होतं, लक्ष जायला दुसरी लागते.

मी फळ्यावर माळ काढून दाखवली. टाळ्या वाजल्या. हैबतराव आले नव्हते, त्यांना ताप होता. धनेशने विचारलं, "सगळ्याच खऱ्या नोटांवर असं असतं व्हय?" मी म्हटलं, असणारच, ब्लॉक एकच. तो काहीतरी बोलणार होता, मग पाणी प्यायला उठला. त्याची तब्येतही बरी दिसली नाही.

नितेशच्या दोन्ही नोटा पास केल्या.

१७ डिसेंबर, मंगळवार

नितेशचा फोन. पेणच्या दोघांनी आणि नागोठण्याच्या एकाने त्याच एजंटकडून पोपटाच्या नोटा घेतल्या. सगळ्यांवर पानाची खूण आहे. फोटो पाठवले, मी होकार कळवला. इतकी वर्षं न दिसणारी नोट आता आमच्याच टापूत येते आहे, याचं नवल वाटलं. बहुधा कुठला तरी मोठा संग्रह फुटला असावा.

१२ जानेवारी २०२५, रविवार. बसमध्ये

रस्ता खराब, अक्षर वाकडं येतं आहे.

हैबतरावांनी आज त्यांची पोपटाची नोट प्रदर्शनासाठी आणली. त्यांच्याकडे ती आहे हे ऐकून होते, पाहिली नव्हती. चौघडी पडलेली, मऊ झालेली. ठसा आहे. पण पान पुरं. टोकासकट.

मी दोनदा पाहिलं. मग सांगितलं, कारणासह. ते म्हणाले, "मी सोता घेतलीय. तिकडच्या बँकेच्या खिडकीतनं." मी म्हटलं, काका, इतक्या वर्षांत आठवणी एकमेकींत मिसळतात, कदाचित साधी नोट तिथली असेल आणि ही नंतर कुठून आली असेल. हे मी मऊ आवाजात म्हटलं. माझ्या आवाजाबद्दल मला खात्री आहे.

मला वाटलं होतं ते वाद घालतील. त्यांनी शिक्का मागितला. पॅड धनेशने पुढे केलं, मान खाली घालून. त्यालाही वाईट वाटत असणार. हैबतरावांनी नोट पालथी केली, शिक्का नीट मधोमध मारला, वर फुंकर घातली आणि पेटीत टाकली. मग चप्पल घालून गेले. जिना उतरताना कठड्याला धरलं होतं.

नियम सगळ्यांना सारखा. त्यांच्यासाठी मोडला असता तर त्यांनाच आवडलं नसतं. तरीही मला आज जेवण जाणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

जे व्हायला नको तेच होतं आहे. हैबतरावांनी अध्यक्षपद सोडल्याचं कळवलं. वाचनालयाच्या खोलीत त्यांच्या नोटांच्या दोन फ्रेमा भिंतीवर होत्या, त्या कुणीतरी उतरवून कपाटावर ठेवल्या. कुणी, ते कुणी सांगत नाही. नितेश फोनवर म्हणाला, काकांनी आजवर आम्हाला ज्या जुन्या नोटा दिल्या, त्या पण एकदा बघून द्या, आता काय भरवसा. मी म्हटलं, एका नोटेवरून असं बोलू नये. तो म्हणाला, तुम्हीच तर सांगितलंत.

मी एका नोटेबद्दल सांगितलं होतं. एका माणसाबद्दल नाही. पण ऐकणाऱ्यांनी दोन्ही एकत्र ऐकलं, आणि मला हे आधी कळायला हवं होतं.

एक गोष्ट सलते आहे. त्यांच्या नोटेवर सोनं घडीवर तडकलेलं होतं. बैठकीत पाहिलं, आणि मनात म्हटलं, ठसा मारून वर घडी घातली असेल. असं कोण करेल? कोरी करकरीत नोट महाग जाते. घडी घालून तिची किंमत कोण पाडेल?

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मांडणीसाठी सगळ्या नोटा घेऊन बसले. नितेशच्या दोन, माझी, आणि पेटीतली हैबतरावांची, कारण प्रदर्शनात नकली नोटांची वेगळी चौकट करायची आहे. खिडकीतून ऊन आडवं येत होतं. मी आजवर भिंग नेहमी वरून धरलं, ट्यूबच्या उजेडात. आज नोट तिरकी धरली गेली, ती उन्हामुळे डोळे दिपत होते म्हणून.

माझ्या नोटेवर त्या तुटक्या पानाच्या पुढे सोनं नाही. पण कागद दबलेला आहे. टोकाचा आकार कागदात स्पष्ट उमटलेला. म्हणजे ब्लॉकला टोक होतं. सोनं तिथे बसलं होतं, आणि नंतर गेलं.

नितेशच्या नोटा तशाच तिरक्या धरल्या. त्या जागी कागद सपाट. ब्लॉकलाच टोक नव्हतं.

हैबतरावांच्या नोटेवर दाबही आहे, सोनंही आहे.

माझी नोट पुन्हा उन्हात धरली. मग माझ्या नोटेवरच्या त्या दाबात पिवळसर काहीतरी दिसलं. मनाने उत्तर दिलं होतं, पण मला ते डोळ्यांनी पाहायचं होतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं, काडीला कापूस गुंडाळून बुडवला आणि टेकवला. नोट खराब होणार हे माहीत होतं. कापूस लाल झाला. हळद सोड्याने लाल होते, हे शाळेतली मुलंही सांगतील.

मीच पुसलं होतं, स्पिरिटने, जोर लावून. आईच्या बोटाखालचं टोक मी काढलं, मग ते नाहीसं झालेलं टोक खरेपणाची खूण म्हणून फळ्यावर काढून दाखवलं. नितेशच्या नोटा माझ्या नोटेवरून केलेल्या आहेत, तेही दिवाळीनंतर. दिवाळीनंतर माझी नोट एकाच माणसाकडे होती.

मी तीन साक्षीदार जुळतात म्हणून खूश झाले. तिघे एकाच घरातून आले आहेत का, हे विचारलं नाही.

आई चहा घेऊन आली, लाल कापूस पाहून म्हणाली, बोट कापलं काय गो? मी नाही म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी टाकून रोह्याला गेले. धनेशने माझा चेहरा पाहिला आणि मशीन बंद केलं. किमयाला आत जायला सांगितलं. ती गेली नाही.

त्याने नाकारलं नाही. मुंबईचा एजंट साध्या नोटा आणून देतो, हा ठसा मारून देतो.

"नोट मी नाय छापली, ताई. नोट खरीच हाय. मी वरती नुसतं सोनं चढवलं, पत्रिकेसारखं."

मी म्हटलं, आणि हैबतराव?

त्याने फॉइलचं रीळ उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "पानाचं बोललात ना त्या दिवशी, मी पाण्याला म्हणून उठलो. वाटलं पकडलंत. तर तुम्ही पास केलंत. मग काकांची नापास केलीत. तेव्हा काय म्हणून तोंड उघडू? माझीच खोटी म्हणून?"

किमया म्हणाली, "पॅड मात्र दिलंस हातात." एवढं बोलून ती आत गेली.

मी त्याला विचारलं, घड्या असलेल्या जुन्या नोटा का नाही वापरल्या? तो म्हणाला, तुम्हीच सांगितलं होतंत. उठाव? तेही. कडा? तेही. मी स्टुलावर बसून, चहा पीत, एकेक सांगत होते आणि हा माणूस किती आवडीने ऐकतो म्हणून घरी येऊन इथेच लिहिलं होतं. मागची पानं आज वाचवत नाहीत.

ब्लॉक मागितला. त्याने खणातून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. तळहाताएवढाही नाही. पोलिसांत जावं का, हे ठरत नाही. परदेशी नोट, कायदा मला ठाऊक नाही. कंपनीतल्या ओळखीच्या वकिलांना विचारणार आहे. पण आधी रविवार.

९ फेब्रुवारी, रविवार

बैठकीत सगळं सांगितलं. ब्लॉक टेबलावर ठेवला. नितेशने दोन्ही नोटांवर शिक्के मारले, दुसरा इतक्या जोरात की कागद फाटला. बाकीच्या तिघांनाही कळवलं. धनेश आला नव्हता. कुणीतरी म्हणालं, चूक कोणाचीही होते, ताई. मी ब्लॉक पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

फ्रेमा पुन्हा भिंतीवर लावल्या गेल्या. एक वाकडी आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

हैबतरावांकडे गेले. अंगणात खाटेवर बसून सुपात वाल निवडत होते. मी उभ्यानेच बोलले. त्यांनी हात थांबवला नाही. बैठकीतलं त्यांना आधीच कळलेलं होतं.

मी म्हटलं, शिक्क्याची शाई काढता येईल, मी लॅबमध्ये प्रयत्न करते. निदान नोट घरी ठेवा. मी पिशवीतून काढून पुढे केली.

त्यांनी घेतली नाही. "शिक्का बसला की नोट पेटीत. नियम हाय."

"पण ती खरी आहे."

"मग पुढच्या नोटंसाठी नियम बदला. हिला नाय."

मी प्रदर्शनाला येण्याची विनंती केली. ते म्हणाले, तिकीट नसेल तर येईन. हसले नाहीत. मग वाल बाजूला सारून म्हणाले, "नोटंचं मला काय नाय. मी बोललो, खिडकीतनं घेतली. तुम्ही भिंगातच बघत होता. मान वर करून एकदा इचारायचं तरी, कंची खिडकी?"

मी तेव्हा विचारलं. ते म्हणाले, आता नको. आता तुम्हाला माहीत हाय म्हणून इचारताय.

२३ फेब्रुवारी, रविवार. पेण

प्रदर्शन झालं. पाय सुजले आहेत, पण आजच लिहायला हवं.

हैबतरावांची नोट मी खऱ्या नोटांच्या चौकटीत लावली, दोन काचांच्या मधे, दोन्ही बाजू दिसतील अशी. माझी लाल डागाची तिच्याशेजारी. खाली फक्त देशाचं नाव आणि साल.

ते सकाळीच आले. पांढरा सदरा, टोपी. नोंदवहीत सही केली, रांगेतून एकेक चौकट पाहत त्यांच्या नोटेपाशी पोचले आणि तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने डोलवीच्या कारखान्यातलं एक जोडपं आलं, शिफ्ट सुटून थेट आलेलं. बायकोने पाठीवरचा शिक्का वाचून विचारलं, ही नकली का? हैबतरावांनी हात माझ्याकडे केला. "त्या बाईंना इचारा. त्या सांगतील."

मी पुढे झाले आणि सांगितलं. कुंकू, स्पिरिट, पान, फळा, शिक्का. कुणाचं नाव न घेता, स्वतःचं सोडून.

ती दोघं गेली, दुसरे आले. पुन्हा तेच. "त्या बाईंना इचारा." दिवसभर ते हलले नाहीत. दुपारी आईने डबा पाठवला तो त्यांनी उभ्यानेच खाल्ला. मी सुरुवातीला मोजूनमापून बोलत होते, काही वाक्यं स्वतःला सोपी जातील अशी. दुपारनंतर ती गळून पडली. एका बाईने विचारलं, त्या म्हाताऱ्या माणसाला राग आला असेल ना? ते शेजारीच होते. मी म्हटलं, हो. तेही ऐकत होते.

संध्याकाळी लोक संपले. नितेश चौकटी उतरवायला लागला. मी पुसायला फडकं घेतलं, तर हैबतराव समोर येऊन उभे, पाहुण्यासारखे. म्हणाले, "आता मला सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं. त्यांना तोंडपाठ झालं असेल, तरी मधे बोलले नाहीत.

"एक राहिलं," ते म्हणाले. "ती शिक्क्याची नोट आली कुठनं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही."

त्यांनी नितेशला दिवे राहू दे म्हणून सांगितलं आणि दोन खुर्च्या ओढल्या.